फुटबॉल व्हिडिओ गेममध्ये बचावपटूला हुलकावणी कशी द्यावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फुटबॉल हा राज्याचा खेळ आहे, आणि भातकापणी झालेल्या शेतात किंवा वाड्यावरच्या मैदानात चेंडूमागे धावत मोठी झालेली मुले कन्सोलवरही तोच खेळ मोठ्या हौसेने खेळतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा अशा भागांतील मराठी वाचकांकडून ह्या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बटणांची नावे प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची आणि मूळ मांडणीची आहेत. एक्सबॉक्सवर फुलीच्या जागी ए, वर्तुळाच्या जागी बी, चौकोनाच्या जागी एक्स, त्रिकोणाच्या जागी वाय आणि आर२ च्या जागी आरटी समजावे. दरवर्षीच्या आवृत्तीत एखाद-दुसरे बटण बदलते, म्हणून आपल्या गेमच्या सेटिंगमधील नियंत्रणांची यादी एकदा नजरेखालून घालावी.

मैदानावर मी दोघा-तिघांना सहज चकवतो. मग गेममध्ये चेंडू लगेच का हिरावला जातो?

ह्याचे सर्वांत मोठे कारण आर२, म्हणजे वेगाने धावण्याचे बटण हे आहे. चेंडू मिळताच बहुतेक जण हे बटण दाबतात आणि पुढे ते सोडतच नाहीत. ईए स्पोर्ट्सच्या एफसी मालिकेत (२०२३ पूर्वी हीच मालिका फिफा ह्या नावाने ओळखली जात असे) खेळाडू वेगात धावतो तेव्हा त्याचा प्रत्येक स्पर्श लांब पडतो आणि चेंडू बुटापासून दूर जातो. तो पुन्हा पायाशी येईपर्यंत तुम्ही दिलेल्या दिशाबदलाचा काहीही उपयोग होत नाही, कारण ज्या चेंडूला वळवायचे तो त्या क्षणी तुमच्या पायात नसतो. बचावपटू नेमक्या ह्याच फटीत पाय घालतो. प्रत्यक्ष मैदानावर समोरचा माणूस जवळ आला की आपण न सांगता पावले आखडती घेतो. कंट्रोलर ते आपोआप करत नाही, ते बोटाला शिकवावे लागते.

पुढच्या सामन्यात एक गोष्ट मुद्दाम पाहा. आर२ दाबून सरळ धावताना बूट आणि चेंडू ह्यांच्यामधले अंतर बघा, मग बटण सोडा आणि तेच अंतर पुन्हा बघा. ते किती कमी होते हे एकदा डोळ्यांना दिसले की कोणत्याही चालीआधी बटण सोडण्याची सवय लवकर लागते. बचावपटू अंगावर येण्याआधी बटण सोडावे, डाव्या स्टिकने छोट्या स्पर्शांत दिशा बदलावी आणि त्याला ओलांडल्यावरच पुन्हा वेग घ्यावा. कौशल्य चालींची, म्हणजे हुलकावणीच्या खास युक्त्यांची, लांबलचक यादी पाठ करण्यापूर्वी एवढे जमले, तरी चेंडू गमावण्याचे निम्मे प्रसंग टळतील असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीला कोणत्या चाली शिकाव्यात?

चारच शिकाव्यात, पण त्या दोन्ही बाजूंना सारख्याच सफाईने याव्यात. पहिली म्हणजे अंगाची हुलकावणी. उजवी स्टिक डावीकडे किंवा उजवीकडे हलकेच झटकली की खेळाडू खांदा एका बाजूला टाकतो आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने निघता. दुसरी बॉल रोल, ज्यात उजवी स्टिक एका बाजूला दाबून धरली की खेळाडू तळव्याने चेंडू आडवा सरकवतो. तिसरी स्टेपओव्हर, ज्यात उजवी स्टिक पुढून बाजूला फिरवली की पाय चेंडूवरून जातो आणि चेंडू जागेवर राहतो. चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची चाल म्हणजे फटक्याची हूल. त्यात वर्तुळ दाबून लगेच फुली दाबायची आणि डाव्या स्टिकने निघण्याची दिशा द्यायची.

फटक्याच्या हुलीला मी एवढे महत्त्व देतो, कारण तिच्यामागे खरी धास्ती असते. गोलपासून वीस पावलांवर कोणी पाय मागे घेतला, की समोर माणूस असो वा संगणक, त्याला आडवे यावेच लागते. १९७४ च्या विश्वचषकात हॉलंडच्या योहान क्रायफने स्वीडनच्या यान ओल्सनला जी फिरकी दिली, तिचे मर्मही हेच होते. चेंडू आत मारतो असे भासवून त्याने तो स्वतःच्या उभ्या पायामागून ओढून घेतला आणि ओल्सन भलत्याच दिशेला गेला. गेममध्ये फटक्याची हूल देऊन डावी स्टिक मागे ओढली, तर त्याच जातीचे वळण मिळते.

उजवी स्टिक ‘वर’ म्हणजे पडद्यावर वर, की खेळाडूच्या समोर?

खेळाडूच्या समोर. कौशल्य चालींच्या सगळ्या दिशा खेळाडूचे तोंड जिकडे असेल त्यावरून ठरतात. खेळाडू पडद्यावर उजवीकडे धावत असेल, तर त्याच्यासाठी ‘पुढे’ म्हणजे स्टिक उजवीकडे. नवशिक्यांच्या चाली उलट्या पडतात त्या बहुधा ह्याच कारणाने, आणि डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या आक्रमणात जमणारी चाल उत्तरार्धात बाजू बदलल्यावर फसते तीही ह्याचमुळे.

चाल करण्याचा नेमका क्षण कसा ओळखावा?

ह्या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. हुलकावणी बचावपटूच्या पुढच्या पावलावर अवलंबून असते, आणि ते पाऊल त्याने टाकेपर्यंत तुमच्या चालीला काही अर्थ नसतो. २०११ साली आलेल्या फिफा १२ पासून ह्या मालिकेत बचावाची पद्धत बदलली. त्याआधी एक बटण दाबून ठेवले की बचावपटू स्वतःच चेंडूवर तुटून पडत असे. आता त्याला एल२, म्हणजे समोर राहून सावधपणे सरकण्याचे बटण, धरावे लागते आणि टॅकल, म्हणजे पाय घालून चेंडू काढून घेणे, केव्हा करायचे ते स्वतः ठरवावे लागते. टॅकल चुकले की तो क्षणभर अडखळतो, आणि तुमची वाट उघडते ती त्याच क्षणी.

म्हणून समोरच्याकडे तीन दृष्टींनी पाहावे. तो पूर्ण वेगाने तुमच्याकडे धावत येत असेल, तर त्याला थांबून वळता येणार नाही. अशा वेळी कोणतीही कौशल्य चाल न करता फक्त दिशा बदलून निघून जावे. तो एल२ धरून, गुडघे वाकवून, दोन पावलांचे अंतर राखून मागे सरकत असेल, तर त्याच्यावर चाल करून जाणे व्यर्थ आहे. तेथे आर२ सोडून उभे राहावे, चेंडू आडवा सरकवावा आणि त्याच्या मनाची चलबिचल होऊ द्यावी. माणूस खेळत असेल तर तो फार काळ थांबू शकत नाही, तो पाय घालतोच. तिसरी स्थिती म्हणजे तो तिरका उभा असणे. त्याचे तोंड जिकडे आहे त्याच्या विरुद्ध अंगाने निघालात, तर त्याला सबंध शरीर फिरवावे लागते आणि तेवढ्यात तुम्हाला एक पाऊल मिळते.

उदाहरण घेऊ. फिफा २२ पासून इंडियन सुपर लीगचे संघ गेममध्ये आले, आणि तेव्हापासून गोव्यातील अनेक जण एफसी गोवा घेऊनच खेळतात. समजा डाव्या बगलेवर, कडेच्या रेषेपासून हातभर अंतरावर तुमच्या पायात चेंडू आहे आणि समोर एकच बचावपटू आहे. रेषेच्या बाजूला जागा नाही हे त्यालाही ठाऊक आहे, म्हणून तो आतली बाजू धरून उभा आहे. अशा वेळी आत वळण्याची हूल द्यावी. त्याच्या मनात तीच भीती असल्याने तो तिला हटकून फसतो. तो आत झुकला, की डाव्या स्टिकचा एक छोटा स्पर्श रेषेच्या दिशेने द्यावा आणि मगच आर२ दाबावे. हा क्रम उलटा केला आणि आधी वेग घेतला, तर पहिलाच लांब स्पर्श चेंडूला रेषेबाहेर घेऊन जातो.

खेळाडूंना दिलेले तारे आणि गुण किती महत्त्वाचे आहेत?

कौशल्य चालींसाठी खेळाडूंना १ ते ५ तारे दिलेले असतात आणि त्यावरून कोणती चाल करता येईल ते ठरते. अंगाची हुलकावणी व बॉल रोल २ ताऱ्यांच्या खेळाडूलाही जमतात, गोल फिरण्याच्या रुलेटसाठी ३ तारे लागतात, डोक्यावरून चेंडू नेणाऱ्या साध्या रेनबोसाठी ४, तर चेंडू बाहेर ढकलून त्याच पायाने लगेच आत ओढणाऱ्या, ब्राझीलच्या रोनाल्डिन्योमुळे जगभर पोहोचलेल्या इलास्टिकोसाठी ५. परंतु लिओनेल मेस्सीला ह्या मालिकेत वर्षानुवर्षे ४ आणि क्रिस्टियानो रोनाल्डोला ५ तारे मिळत आले, तरी पायाशी चेंडू ठेवून वाट काढण्यात मेस्सीच सरस ठरत आला. ह्याचे कारण ताऱ्यांत सापडत नाही. ते चपळता, तोल, चेंडूवरील ताबा आणि ड्रिबलिंग ह्या गुणांत आहे. उंच आणि कमी चपळतेच्या खेळाडूला डावी स्टिक झटकन फिरवून फायदा होत नाही, कारण त्याला वळायलाच वेळ लागतो. त्याच्याकडून चेंडू आडोशाला धरून सोबत्याला देणेच योग्य.

२०२३ साली आलेल्या एफसी २४ पासून प्लेस्टाइल, म्हणजे खेळाडूची खास शैली दाखवणारी खूण, ही सोय आली. त्यातील टेक्निकल असलेला खेळाडू नियंत्रित धावेत अधिक अचूक वळतो, रॅपिड असलेला चेंडूसह धावताना वेग राखतो, आणि प्रेस प्रूव्हन असलेला धक्काबुक्कीतही चेंडू पायाशी ठेवतो. संघ निवडताना नावापेक्षा ह्या खुणा आधी पाहाव्यात.

बचावपटू पाठीवर असेल तर काय करावे?

प्रथम वळण्याचा मोह आवरावा. एल२ धरल्यास खेळाडू चेंडू आणि बचावपटू ह्यांच्यामध्ये अंग घालतो. ह्यात शरीराची ताकद आणि तोल हे गुण कामी येतात, म्हणून लहानखुऱ्या खेळाडूने हे फार वेळ करू नये. पाठीवरचा माणूस कोणत्या खांद्यावरून डोकावतो ते पाहावे आणि विरुद्ध बाजूने निघावे. रुलेट येथे उपयोगी पडतो, कारण त्यात खेळाडू चेंडूभोवती फिरतो आणि त्याची पाठ ढालीसारखी मध्ये राहते. मात्र दुसरा बचावपटू दोन पावलांवर असेल तर रुलेट करूच नये. ती चाल सुरू झाल्यावर मध्येच थांबवणे अवघड असते आणि फिरता फिरता तुम्ही थेट दुसऱ्याच्या पुढ्यात जाता.

कोणत्या ठिकाणी हुलकावणी टाळावी?

आपल्या पेनल्टी बॉक्सच्या आसपास आणि मैदानाच्या मध्यावर, जेथे चारही बाजूंनी माणसे असतात. तेथे चेंडू गेला तर थेट गोल बसतो. बगलेवर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या बॉक्सच्या कोपऱ्यावर तीच जोखीम घेण्याजोगी असते, कारण फसल्यास नुकसान थोडे आणि जमल्यास लाभ मोठा. शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या बॉक्समध्ये बचावपटूला पाय घालताना पेनल्टीची धास्ती असते, त्यामुळे तेथे तो स्वभावतःच सावध होतो.

मी ईफुटबॉल खेळतो, तोही मोबाइलवर. त्यात हेच लागू होते का?

तत्त्व तेच, हत्यारे वेगळी. कोनामीने २०२१ मध्ये आपल्या प्रो इव्होल्यूशन सॉकर मालिकेचे नाव ईफुटबॉल केले आणि कन्सोलवरचा गेमही विनामूल्य केला; फोनवर तर तो गावागावांतील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला आहे. येथे ताऱ्यांऐवजी प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र कौशल्ये असतात, जसे डबल टच, मार्सेय टर्न, फ्लिप फ्लॅप, सोल कंट्रोल. त्यांपैकी डबल टच सर्वांत कामाचे. त्यात एका पायाने चेंडू आडवा ढकलून दुसऱ्या पायाने लगेच पुढे घेतला जातो, आणि पाय घालणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. खेळाडू निवडताना हे कौशल्य त्याच्या यादीत आहे का, ते जरूर पाहावे.

मोबाइलवर पडद्यावरच्या बटणांची मांडणी आणि बोट फिरवून खेळण्याची मांडणी असे दोन पर्याय आहेत. हुलकावणी शिकायची असेल तर बटणांची मांडणी घ्यावी, कारण त्यात अंगठ्याला दिशा बारकाईने देता येते. घामेजलेल्या बोटांखाली काच नीट प्रतिसाद देत नाही, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ही अडचण खरीच मोठी आहे. हात आणि पडदा अधूनमधून कोरडा करून घ्यावा.

मॅडन हा अमेरिकन फुटबॉलचा गेम आहे. त्यातील चालींचा येथे काही संबंध आहे का?

संबंध आहे, आणि तो पुष्कळ शिकवणारा आहे. ह्या मालिकेचा पहिला गेम १९८८ साली आला. त्यात चेंडू हातात असतो आणि बचावपटू तुम्हाला पकडून पाडतो, म्हणून चाली निराळ्या आहेत. उजवी स्टिक बाजूला झटकली की ज्यूक, म्हणजे पावलांची हुलकावणी, आणि पुढे ढकलली की ट्रक, म्हणजे खांदा देऊन समोरच्याला उडवणे. वर्तुळाने स्पिन, फुलीने स्टिफ आर्म म्हणजे हात ताठ करून माणूस दूर ठेवणे, आणि त्रिकोणाने हर्डल म्हणजे वरून उडी.

कोणती चाल केव्हा, हे बचावपटू कोठून येतो त्यावर ठरते. तो समोरून, थोड्या अंतरावरून येत असेल तर ज्यूक. बाजूने समांतर धावत असेल तर त्या बाजूच्या हाताने स्टिफ आर्म. पायांवर सूर मारत असेल तर हर्डल, परंतु ताठ उभ्या बचावपटूवरून उडी मारली तर हवेतच जबर धडक बसते आणि चेंडू निसटण्याचा धोका असतो. ट्रक ही धिप्पाड धावकाची चाल आहे, हलक्या खेळाडूने तिच्या वाटेला जाऊ नये. खेळाडूच्या माहितीत ज्यूक, स्पिन, ट्रकिंग, स्टिफ आर्म ह्यांचे गुण स्वतंत्र दिलेले असतात, त्यामुळे कोणाकडून काय करून घ्यायचे ते आधीच कळते. आणि तीन-चार जण अंगावर आले, सुटण्याची आशा उरली नाही, तर आर१ दाबून चेंडू छातीशी धरावा. केव्हा थांबावे ह्याचा हा धडा एफसी खेळणाऱ्यानेही घ्यावा. वाट बंद झाली की चेंडू मागे सोबत्याला द्यावा.

चाली सरावात जमतात, ऑनलाइन मात्र फसतात. दोष माझा की यंत्रणेचा?

बहुतेक वेळा दोन्हींचा थोडा थोडा. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत काही वेळ जातो, आणि ऑनलाइन सामन्यात त्यात इंटरनेटचा विलंब मिसळतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करावा, कारण चित्र अधिक देखणे करण्याच्या प्रक्रिया त्यात बंद होतात आणि विलंब लक्षणीय कमी होतो. कन्सोलला वायफायऐवजी केबल जोडावी. एवढे करूनही विलंब जाणवत असेल, तर त्या सामन्यात कौशल्य चाली बाजूला ठेवून दिशाबदल आणि पास ह्यांवरच भर द्यावा. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा चालू सामना तुटतो, हा अनुभव आपल्याकडे बहुतेकांना आहे. राउटर आणि कन्सोल दोन्ही इन्व्हर्टरवर असतील तरच त्या दिवसांत मानांकनाचे सामने खेळावेत.

कंट्रोलरकडेही लक्ष द्यावे. स्टिक न हलवता खेळाडू आपोआप एका बाजूला सरकत असेल, तर आतील भाग झिजला आहे किंवा धूळ बसली आहे. अशा स्टिकने अंगाची हुलकावणी कधीच नीट होत नाही. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत कंट्रोलर उघडा पडू देऊ नये. खेळून झाल्यावर तो कोरड्या फडक्याने पुसून बंद कपाटात ठेवावा.

सराव कसा करावा?

एका वेळी एकच चाल घ्यावी आणि ती एकाच जागेवरून करावी. सरावाच्या विभागात आधी मोकळ्या मैदानात ती दोन्ही बाजूंना करावी, मग संगणकाविरुद्धच्या सामन्यात फक्त बगलेवर वापरावी, आणि शेवटी माणसाविरुद्ध. सामना झाल्यावर चेंडू कोठे गमावला त्या प्रसंगांची पुनरावृत्ती पाहावी. त्यात आर२ दाबलेले होते का, हाच प्रश्न स्वतःला पहिल्यांदा विचारावा.

चतुर्थीला घरात सगळी भावंडे जमतात, पण एक-दोघेच सतत जिंकतात. लहानांना हुलकावण्या कशा शिकवाव्यात?

लहानांच्या हाती चपळ खेळाडूंचा संघ द्यावा आणि मोठ्यांनी साधा संघ घ्यावा. सामन्याचा वेळ कमी ठेवावा, म्हणजे पाळी लवकर येते. शिकवताना त्यांच्या हातातला कंट्रोलर काढून घेऊ नये. शेजारी बसून केवळ ‘आता सोड’ एवढेच सांगावे, म्हणजे वेगाच्या बटणावरून बोट केव्हा उचलायचे ते त्यांच्या अंगवळणी पडते. चालींची नावे ती मुले स्वतःच शोधून काढतात.

समोरचा खेळाडू मलाच वारंवार चकवतो. बचाव कसा करावा?

वर दिलेली सगळी उत्तरे उलट्या बाजूने वाचावीत. धावत जाऊन पाय घालू नये. एल२ धरून दोन पावलांचे अंतर राखावे, गोलकडे जाणारी आतली वाट बंद करावी आणि त्याला रेषेकडे ढकलत न्यावे. त्याच्या पायांच्या हालचालींकडे न पाहता चेंडूकडे पाहावे, कारण स्टेपओव्हरमध्ये पाय कितीही फिरले तरी चेंडू हलत नाही. त्याने आर२ दाबले आणि चेंडू बुटापासून सुटला, की तोच टॅकलचा क्षण. तोपर्यंत आर१ दाबून दुसऱ्या सोबत्याला दडपण आणायला पाठवता येते, मात्र तो सोबती आपली जागा सोडून येतो आणि मागे मोकळी जागा पडते, हे ध्यानात ठेवूनच ते बटण वापरावे.